अकरा रात्रींची गैरहजेरी

तुम्ही खोटं लिहिलंत, आणि खाली नाव घालायचीही तुमची हिंमत झाली नाही. पत्राच्या शेवटी नुसतं 'कार्यालय' असं लिहिलं की लिहिणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात, असं तुम्हाला वाटतं. कार्यालयाला हात नसतात. राजधानीतल्या गार खोलीत कुणीतरी एक माणूस खुर्चीत बसतो, शेजारी कॉफीचा कागदी पेला ठेवतो, स्वतःच्या दहा बोटांनी ते टाइप करतो आणि मग जेवायला जातो.

हे सगळं कोरा विट्झेलच्या मनात आलं ते अरबी मुलखातल्या मेकनेसच्या निळ्या टॅक्सीत, नव्या शहराकडून जुन्या शहराकडे उतरताना. शेजारी एक बाई पुदिन्याची ही एवढी मोठी जुडी मांडीवर घेऊन बसली होती, आणि प्रत्येक वळणाला ती जुडी कोराच्या कोपराला ओली ओली लागत होती. फोन हातात होता. पत्र तिनं तीनदा वाचलं. दुसऱ्या वर्षाची नेमणूक मंजूर आहे, असं वर लिहिलं होतं. आणि खाली, मात्र. गेल्या सप्टेंबरपासून आपण अकरा रात्री नोंदवलेल्या पत्त्यावर नव्हता, असं आपल्याच फॉर्मवरून दिसतं. त्यातल्या चार रात्री जानेवारीत, सलग. सोबत जोडलेलं निवेदन शब्दही न बदलता सही करून आज पाच वाजेपर्यंत पाठवावं. तसं न झाल्यास मंजुरी रद्द समजावी आणि तीस जूनला देश सोडावा. निवेदन एकाच वाक्याचं होतं : 'मी मान्य करते की या अकरा रात्री स्थानिक समारंभांसाठी मी विनापरवानगी गैरहजर होते, आणि मला त्याचा खेद आहे.' आपल्याकडच्या कचेऱ्या याला कारणे दाखवा म्हणतात. तिथे निदान कारण विचारतात तरी. इथे कारणही त्यांनीच लिहून पाठवलं होतं. नदीवरचा पूल गेला, चढ आला, टॅक्सीवाल्यानं मागे न बघता विचारलं, कुठे सोडू, आणि कोरानं नेहमीचा दरवाजा सांगितला. मग तिच्या लक्षात आलं की 'घरी' म्हणताना गेले आठ महिने ती हाच दरवाजा सांगत आलीय.

ती नेब्रास्कातल्या सातशे वस्तीच्या एका गावची. वय चोवीस. इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून एका योजनेतून दहा महिन्यांसाठी आलेली. काम काय, तर पोरांना बोलतं करायचं. व्याकरण प्राध्यापकांचं, गप्पा हिच्या. त्या योजनेच्या राजधानीतल्या कार्यालयानं तिला नव्या शहरात, हमरियात, तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट घेऊन दिला होता. गरम पाणी होतं, बाल्कनी होती, दाराआड आग विझवायचं लाल नळकांडं होतं आणि त्याच्या वर संकटकाळी फिरवायच्या नंबरांची यादी. आणि एक नियम होता. रात्री या पत्त्याबाहेर झोपलात तर दुसऱ्या दिवशी फॉर्म भरा. तिच्याबरोबर आलेली बाकीची मदतनीस मंडळी वाळवंटात जाऊन आली, निळ्या गल्ल्यांच्या गावात जाऊन आली, एक पठ्ठ्या तर समुद्र ओलांडून स्पेनमध्ये आठवडाभर राहून आला. कुणी कागदाला हात लावला नाही. कोरानं अकराच्या अकरा रात्रींचा भरला. तिचा बाप एकदा गाडी मागे घेताना ओसाड रस्त्यावरच्या कुणाच्या तरी टपालपेटीला धडकला होता. बघायला कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी त्यानं आपलं नाव आणि फोन नंबर चिठ्ठीवर लिहून, त्या वाकड्या पेटीत टाकून मगच गाडी पुढे काढली. कोरा तेव्हा मागच्या सीटवर होती, सात वर्षांची. त्या घरात वाढलेली पोरगी फॉर्म भरणार नाही तर काय करणार?

इंग्रजी विभागाचे प्रमुख सी तिजानी ('सी' म्हणजे इथलं श्रीयुत) हे ऐकून आधी हसले होते आणि मग हसता हसता कपाळाला हात लावून बसले होते. ही मागच्या आठवड्यातली गोष्ट. कार्यालयानं त्यांना फोन करून विचारलं होतं, बाई कामावर असतात का? त्यांनी सांगितलं की एक तास चुकलेला नाही. घसा बसला तेव्हासुद्धा फळ्यावर लिहून लिहून तास घेतला. मग फोन ठेवून कोराला खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "बाई, खरं लिहायला तुला कुणी सांगितलं होतं? आमच्याकडे फॉर्म पाहुण्यासारखा असतो. त्याला आवडेल तेच त्याच्यापुढे ठेवायचं."

जुन्या शहराच्या दरवाजातून आत शिरलं की आधी ऑलिव्हचा वास, मग कातड्याचा, मग कुठल्या तरी घरातून कांदा आणि मनुका तुपावर परतल्याचा. शुक्रवार होता. शुक्रवारी या गल्लीत प्रत्येक घरात कुसकुस, रव्याच्या दाण्यांचा भात म्हणावा तसं, वाफेवर असतं, आणि दुपारच्या नमाजानंतर सगळं शहर एकाच थाळीभोवती बसल्यासारखं गप्प होतं. कोरा चालत होती आणि तिला कळत नव्हतं, आपण या गल्लीची आठवण आत्तापासूनच का काढायला लागलोय. अजून तर आपण हिच्यातच आहोत. भिंतीला हात लावला तर चुना बोटाला लागतोय. तरीही सगळं मागे पडलेलं, कधी काळचं, कुणीतरी सांगितलेलं असं दिसायला लागलं होतं. कोपऱ्यावरची मोहल्ल्याची भट्टी, भट्टीवाला बा अल्लाल, फळीवर ओळीनं ठेवलेल्या प्रत्येक घराच्या रोट्या. नोव्हेंबरात तिनं इथेच तो आख्खा पक्षी आणला होता. तिच्या देशात नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी टर्की भाजतात आणि घरचे सगळे जमतात. फ्लॅटमध्ये भट्टी नव्हती, आणि जमणारं कुणी तर नव्हतंच. बा अल्लालनं तो सोललेला अजस्र पक्षी परातीत बघितला आणि विचारलं, याचे तुकडे का नाही केले, कुणाची शर्यत आहे का? मग शिव्या देत देत त्यानं तो आत सरकवला, रोट्यांच्या मधोमध. त्या दिवशी साऱ्या मोहल्ल्याच्या रोट्यांना टर्कीचा वास लागला. आठवडाभर बायका कोराला दारातून विचारत होत्या, पुढची रोटी कसल्या वासाची मिळणार? आणि त्या संध्याकाळी, ज्या घराला ती आता 'घरी' म्हणायची तिथे, थाळीभोवती बसून घरधनी सी लार्बीनं, लल्ला बतूलच्या, म्हणजे बतूलबाईंच्या, नवऱ्यानं, अगदी गंभीरपणे चौकशी केली होती की हा सण नेमका कशाचा. कोरानं सांगितलं, देवाचे आभार मानायचा. पीक आलं, घर भरलं, त्याचे आभार. म्हाताऱ्यानं घास तोंडापाशी थांबवला. "तेवढ्यासाठी तुमच्याकडे वर्षातून एकच दिवस?" तो म्हणाला. "बाकीचे दिवस काय, उधारीवर?" स्वतःच्या विनोदावर तो इतका हसला की लल्ला बतूलला त्याच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. ती एक रात्र. अकरातली एक. रात्री परत कसं जाणार म्हणून बैठकीवर तिची गादी घातली होती. दुसऱ्या दिवशी फ्लॅटवर जाऊन तिनं फॉर्म भरला. कारण : स्थानिक समारंभ. खरं तर तो तिचाच समारंभ होता. पण फॉर्मवरच्या कारणांच्या यादीत तसं काही नव्हतं.

सगळ्याची सुरुवात मोठ्या ईदपासून झाली. कॉलेज उघडून दुसराच आठवडा. कार्यालयाचं परिपत्रक आलं होतं, सणाच्या काळात गर्दीच्या जागा टाळाव्यात, निवासस्थानीच राहावं. तिच्या वर्गातली एक पोरगी, नुहैला, उंच, चष्म्याची, प्रश्न विचारताना हात वर न करणारी, तास संपल्यावर म्हणाली, "मिस, ईदला तू कुणाकडे?" कोरानं सांगितलं, घरीच. एकटी. नुहैलानं अशा चेहऱ्यानं बघितलं, जसं काही कोरानं आपल्याला असाध्य रोग झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी खालची घंटा दहा वेळा वाजली. कोरा बाल्कनीत आली तर खाली एक म्हातारा माणूस, नुहैलाचा बाप सी लार्बी, अंगात तपकिरी पायघोळ जल्लाबा, डोक्यावर रेल्वेची जुनी टोपी. पस्तीस वर्षं त्यानं आगगाड्यांना हिरवा-लाल दिवा दाखवला होता, आणि टोपी निवृत्तीनंतरही त्याच्याकडेच राहिली होती. तो वर आला नाही. एकट्या मुलीच्या घरात तो कसा येईल? खालूनच ओरडला, "चल पोरी. मेंढ्यालासुद्धा जाण्याआधी घरात कोण कोण आहे ते बघून जायचं असतं."

तो मेंढा गच्चीवर बांधलेला होता. सगळ्यांना वाटत होतं ही गोरी पोरगी उद्या रक्त बघून आडवी होणार. शेजारणी खास तेवढ्यासाठी आल्या होत्या. पण नेब्रास्कात जनावरं असतात, आणि कोराच्या आजोबांनी डुकरं पाळली होती. हे शेवटचं तिनं शहाणपणानं सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी तिनं मेंढ्याचा मागचा पाय धरला, दोन्ही हातांनी, जसा धरायचा असतो तसा. लल्ला बतूल बघत होती. ती मोजकं बोलणारी बाई, भरल्या अंगाची, गुडघेदुखीमुळे जिन्यावर बाजूनं चढणारी. ती शेजारणींना म्हणाली, "ही कागदावर परदेशी आहे. हातानं नाही." मग काळीज, चरबीच्या जाळीत गुंडाळून कोळशावर भाजलेलं, वर मीठ आणि जिरं. बोटं भाजत होती. कोराला अजूनही जिऱ्याचा वास आला की हाताच्या बोटांना आधी कळतं, मग नाकाला.

आणि मग जसं होतं तसंच झालं. ऑक्टोबरात समोरच्या घरात मूल झालं, सातव्या दिवशी त्याचं नाव ठेवलं, तेव्हा कोराला कुणी बोलावलंच नाही. ती असणारच असं धरलं होतं. बायकांनी जिभेनं तो आनंदाचा लांब कंप काढला आणि तिलाही काढायला लावला. तिच्या तोंडून बोकडासारखा आवाज आला आणि बाळ दचकून रडलं. नुहैलाचा साखरपुडा, खजूर आणि दूध. पैगंबराच्या जन्मदिवसाला ढोलांची मिरवणूक गल्लीतून गेली, आणि सकाळी न्याहरीला तूप-मध घातलेली घट्ट खीर, मधोमध खड्डा करून. सी लार्बी आपल्या बाजूचं तूप चमच्यानं हळूच कोराच्या बाजूला वळवायचा, डॉक्टरनं बंद केलं होतं म्हणून. लल्ला बतूलला दिसायचं. ती रोटी मोडत राहायची. या घरात माया अशीच चालायची, चोरून, दुसऱ्याच्या ताटाकडे वळवून.

कोराच्या घरी माया वेगळी होती. माया नव्हती असं कुणी म्हणू नये. तिचे आजोबा गेले तेव्हा चर्चच्या तळघरात बायकांनी हॅमची सँडविचं केली, पातळ कॉफी केली, आणि प्रत्येकीनं घरून भाजलेला एकेक पदार्थ भांड्यासकट आणला. भांड्याखाली चिकटपट्टीवर आपलं नाव, परत मिळावं म्हणून. तीन वाजता सगळे गेले. चांगली माणसं होती. आजीला त्रास नको, तिला एकटीला राहू द्यावं, म्हणून गेले. आजी स्वयंपाकघरात बसून राहिली, आणि फ्रीजरमध्ये आठवडाभराचं अन्न, बारा बायकांच्या नावांसकट, गोठत राहिलं. कोरा नऊ वर्षांची होती. तिला आठवतं, फ्रीजरचा आवाज सुरू झाला की आजी दाराकडे बघायची.

जानेवारीत, कॉलेजचं सत्र संपल्याच्या सुट्टीत, सोमवारी पहाटे सी लार्बी गेला. हृदय. नुहैलाचा फोन आला आणि कोरानं त्यातून फक्त श्वास ऐकला. तिनं बाजारातून काळा पोशाख घेतला, काळा रुमाल घेतला, काळे मोजे घेतले. आयुष्यात तिला तेवढंच माहीत होतं. घरात शिरली तर खोलीभर बायका, तपकिरी, हिरव्या, करड्या कपड्यांत, आणि मध्ये लल्ला बतूल पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पांढरे मोजे, पांढरा रुमाल, एखाद्या न उजळलेल्या दिव्यासारखी. काळी फक्त कोरा. सगळ्यांनी वळून बघितलं. कुणीच हसलं नाही. लल्ला बतूल उठली, गुडघे धरून उठली, कोराच्या डोक्यावरचा काळा रुमाल तिनं सोडवला, स्वतःच्या पेटीतला एक जुना निळा काढून तिच्या डोक्याला बांधला आणि परत जागेवर जाऊन बसली. त्या घरात तीन दिवस चूल पेटली नाही. शेजारून थाळ्या येत होत्या. तिसऱ्या दिवशी कुराण म्हणणारे आले, त्यांना जेवू घातलं. कोरानं पेले विसळले. किती विसळले ते कुणी विचारू नये. बोटांची कातडी पांढरी होऊन सुटायला आली. झोपायला बैठकीवर सात बायका, एकीची टाच दुसरीच्या उशाला, आणि कुणाला एकटीला त्रास नको म्हणून एकटं सोडायचं, ही कल्पनाच त्या घरात कुणाच्या डोक्यात आली नाही.

पाचव्या दिवशी ती फ्लॅटवर गेली. पत्ता सोडून चार रात्री झाल्या होत्या, फॉर्म भरायचा राहिला होता. फोनच्या पडद्यावर यादी उघडली. आजारपण. कौटुंबिक आपत्ती. कामाचा प्रवास. पर्यटन. स्थानिक समारंभ. तिनं आपत्तीवर बोट ठेवलं. मृताशी नातं? आई, वडील, भावंड, नवरा किंवा बायको. पुरावा जोडा. तिनं रिकामं सोडून पुढे जायचा प्रयत्न केला, लाल खूण आली. पुन्हा केला, पुन्हा लाल. ती दमलेली होती, तिला झोप हवी होती. तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. स्थानिक समारंभ. हिरवी खूण आली. दोन सेकंदांचं काम. त्यानंतर चार महिने तिनं हे कुणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा नाही.

आणि आता ती त्याच दारातून आत आली होती, फोन हातात. लल्ला बतूल अजून पांढऱ्यातच होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाई पांढरं घालते, आणि त्याला आता आठवडाच उरला होता. समोर मोठी परात, वाफ गेलेलं कुसकुस, आणि ती तुपाच्या हातानं दाणा दाणा सुटा करत होती. नुहैला गाजरं सोलत होती. तिचं लग्न वसंतात ठरलं होतं, बाप गेल्यावर ते ऑगस्टमध्ये ढकललं. तारीख ठरवताना लल्ला बतूलनं कोराला विचारलं होतं की तुला त्या महिन्यात सुट्टी मिळेल ना, आणि कोरानं सांगितलं होतं, मी तर इथेच आहे. नवरीला मेंदी लागते तेव्हा शेजारी मेणबत्ती धरून एकजण बसते. ती कोरा, हे ठरून गेलं होतं.

तिनं पत्र वाचून दाखवलं, जमेल तसं त्यांच्या बोलीत. निवेदनही सांगितलं. नुहैलानं सुरी खाली ठेवून विचारलं, "आणि सही केली की राहता येतं?" कोरा म्हणाली, हो. "मग कर की." लल्ला बतूलनं परातीतून डोकं वर न काढता तेच सांगितलं. कागद खातो का पितो? खेद आहे म्हणायचं आणि जेवायला बसायचं. सरकारात जन्म काढलेल्या नवऱ्याची ती बायको होती. तिनं असे शंभर खेद त्याच्याकडून लिहून घेतले होते, उशिरा आलेल्या गाड्यांचे, न आलेल्या दिव्यांच्या तेलाचे. कोरालाही क्षणभर ते इतकं सोपं वाटलं. एक सही. अंगठ्याच्या एका हालचालीत ऑगस्ट, मेणबत्ती, पुढची ईद, हे घर. पण अंगठा चालेना. तिला कळेना की हे बापाकडून आलेलं आहे, की नुसता हट्ट, की शरम. नुहैला तिच्याकडे बघत होती. कोरानं फोन खाली ठेवला, आणि मग ती बोलली. जानेवारीतल्या त्या चार रात्रींचं बोलली. त्या यादीत काय होतं, तिनं कशावर बोट ठेवलं.

परातीतला हात थांबला.

"म्हणजे त्यांच्या दप्तरात माझा नवरा मेला तो सण म्हणून लिहिलाय?"

"हो, लल्ला."

"आणि ते तू लिहिलंस."

"मी लिहिलं."

नुहैलानं आईकडे बघितलं नाही. गाजराचं साल तिच्या बोटांभोवती गुंडाळलेलं होतं, ते तिनं हळूच सोडवलं. भांड्याच्या झाकणाखालून वाफ येत होती. कोराला वाटलं आता ही बाई उठेल आणि आपल्याला दाराबाहेर घालेल, आणि ते बरोबरच होईल. लल्ला बतूल उठली नाही. तिनं तळहाताला चिकटलेले दाणे एकेक करून काढले, परातीत टाकले.

"ते पुस," ती म्हणाली. "आधी ते पुस. मग माफी मागायची तर माग, नाही मागायची तर नको मागू."

"आई, शब्द बदलायचा नाही असं लिहिलंय त्यात," नुहैला म्हणाली. "ही पुसायला गेली तर ते हिला हाकलतील. ऑगस्टमध्ये ही नसेल."

"नसेल तर नसेल."

"मग तारीख..."

"तारीख मी एकदा बदललीय, तुझ्या बापासाठी. आता कुणासाठी बदलणार नाही."

नुहैला उठून उभी राहिली. चष्म्यामागचे डोळे भरलेले होते, पण आवाज कोरडा होता. "मिस, तुला माहीत होतं ते फॉर्म कुणी भरत नाही. तरी तू भरलेस. आता सगळे म्हणतायत एक ओळ लिही, तर तुला ती खोटी वाटते. तुला आमच्यापेक्षा तुझा खरेपणा मोठा आहे. तो घेऊन जा घरी." आणि ती गच्चीचा जिना चढून गेली, धडाधड, आईसारखी बाजूनं नाही.

हे खरं होतं. कोराला नंतर किती तरी वर्षं हे वाक्य ऐकू येणार होतं, आणि प्रत्येक वेळी ते खरंच असणार होतं. टपालपेटीत चिठ्ठी टाकणाऱ्या माणसाला सोपं असतं. पेटी मुकी असते. माणसांच्या घरात खरेपणाचा खर्च दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर पडतो. तरी खोटं बोलून या घरात राहणं, म्हणजे त्या चार रात्री पुन्हा एकदा सण म्हणून लिहून देणं, आणि या वेळी दमलेल्या बोटानं नाही, तर शुद्धीत, नावानिशी. म्हातारा तूप वळवायचा. त्याच्या मरणाला हिरवी खूण मिळाली होती. ती खूण तिनंच मिळवली होती.

त्या दोघी जेवल्या. थाळीत नुहैलाची बाजू तशीच राहिली, आणि लल्ला बतूलनं त्या बाजूच्या भाज्या कोराकडे सरकवल्या नाहीत. जेवण झाल्यावर तिनं हात धुतले, पांढऱ्या बाहीला पुसले, आणि कोराच्या समोर बसली. म्हणाली, लिही, मी बघते. तिला वाचता येत नव्हतं. ती नुसती बघत राहिली.

कोरानं जोडलेलं निवेदन काढून टाकलं आणि लिहायला सुरुवात केली. साडेचार झाले होते. तिनं लिहिलं :

'जानेवारीतल्या चार रात्री समारंभ नव्हता. त्या घरातला माणूस मेला होता. त्याचं नाव लार्बी, तो रेल्वेत होता, आणि पहिल्या ईदला मला घ्यायला तुमच्या फ्लॅटखाली तोच आला होता. तुमच्या यादीत त्याच्यासाठी जागा नव्हती म्हणून मी चुकीच्या ओळीवर खूण केली. ती चूक माझी, आणि तेवढ्याचाच मला खेद आहे. ती नोंद दुरुस्त करा, आणि केली असं मला लेखी कळवा. त्याची बायको समोर बसलीय, तिला वाचून दाखवायचं आहे. बाकीच्या सात रात्रींचा मला खेद नाही. तुम्ही मला या देशात माणसांशी बोलायला पाठवलंत. मी बोलले, जेवले, झोपले, पेले विसळले. दुसरं वर्ष नको असेल तर काढून घ्या, तीस जूनला मी जाईन. पण एका गोष्टीचं उत्तर देऊन मग काढून घ्या. त्या अकरा रात्री मी गैरहजर होते असं तुम्ही म्हणता. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बंद फ्लॅटमध्ये माझी वाट कोण बघत होतं? कुणाच्या ताटाची एक बाजू माझ्यामुळे तशीच राहिली? कोण म्हणालं की कोरा अजून कशी आली नाही? एक नाव सांगा. आणि पत्राखाली या वेळी तुमचंही लिहा.'